नट आतून पाहिजे

सकाळी आई सडा टाकायला उठली आणि तिनंच आधी हाक मारली, "काऊन रे, पोरीची सायकल कुठी हाये?"

रात्री ओसरीत चार सायकली होत्या, आता तीन. अंगणातल्या धुळीत फाटकापर्यंत एकाच चाकाचा माग गेला होता. मागचं चाक कुलपात होतं, म्हणून चोरानं कॅरिअर धरून मागची बाजू उचलली आणि पुढच्या चाकावर ढकलत नेली. माझी गिअरची सायकल केबलनं खांबाला बांधलेली होती. त्या केबलवरचं प्लॅस्टिक सोललेलं, आतल्या तारा निम्म्या कातरलेल्या. पक्कड बोथट असावी, किंवा कुत्रं भुंकलं असावं. आमचं कुत्रं वाळल्या पानावरही भुंकतं, त्यामुळे उठलं कोणीच नाही.

ही २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, तिथून चौदा किलोमीटरवरच्या शाळेत शिकवतो. साखर निघाल्यापासून जाणं-येणं सायकलवर. मुलगी नववीत. तिची सायकल मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना देतात ती. आमच्याकडे तिला सरळ 'मानव विकासची सायकल' म्हणतात. धाकट्याची एक लहान सायकल. आणि बाबांची ॲटलस, १९८४ ची. तिला चोरानं हातही लावला नव्हता, आणि बाबांना त्याचंच जास्त लागलं होतं.

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न किमतीचा. बिल साडेचार हजारांचं. मग मला समजावून सांगण्यात आलं की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे आणि तिच्या ३०३ कलमात पाच हजारांच्या आतली चोरी वेगळी काढली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे नोंद होईल, तपासाला कोणी धावणार नाही. पोरगी रोज चार किलोमीटर जिच्यावर जायची ती वस्तू किरकोळ मालात बसली. दुसरा प्रश्न फ्रेमच्या नंबरचा. तो पायडलच्या मधल्या नळीखाली, फ्रेमच्या पोटाला ठोकलेला असतो. मी कधी पाहिला नव्हता. घरी येऊन तिन्ही सायकली उलट्या केल्या आणि नंबर दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले. ॲटलसचा नंबर चाळीस वर्षांच्या ग्रीसखाली होता, रॉकेलच्या बोळ्यानं अर्धा तास घासल्यावर दिसला. घासता घासता बाबांना सांगितलं की ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. ते म्हणाले, "कारखाना बंद पडन, सायकल नाई."

आता सायकली ठेवायच्या कुठे?

बाबांचं उत्तर तयार होतं. "कोठ्यात ठेव ना. बैलं तं इकलेच आपण." कोठा, म्हणजे गोठा, सांदवाडीच्या, घरालगतच्या मोकळ्या जागेच्या, टोकाला. भिंती मातीच्या, दाराला काड्यांचा ताटवा, आत कुटार भरलेलं. कुटाराचा भुसा तेल दिलेल्या चेनवर बसला की आठ दिवसांत चेनवर काळं पीठ चढतं, हे मी एकदा भोगलं आहे. खरी अडचण वेगळीच निघाली. कोठ्याच्या भिंतीला सब्बल, फावडं आणि कुऱ्हाड वर्षानुवर्षं टेकून उभी. चोरानं रिकाम्या हातानं यावं आणि हत्यार आमचंच वापरावं, अशी सोय. त्याच संध्याकाळी ती अवजारं घरात आणली. सायकलींसाठी केलेलं पहिलं काम ते, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

मग इंटरनेटवर पाहिलं. तिथं तयार शेड मिळतात, सुटे भाग येतात, आपण जोडायचे. फोटोत हिरवंगार लॉन, पांढरी फुलं, शेडचं दार उघडं आणि आत दोन चकचकीत सायकली. किंमत अडतीस हजार. माहिती उघडून पत्र्याची जाडी शोधली तर ०.२७ मिलिमीटर. तेलाच्या डब्याचा पत्रा हातात घेऊन पाहा, साधारण तीच जात. आमच्या पिनकोडवर ते पोचवतही नव्हते, त्यामुळे मोह आपोआप सुटला.

त्या शोधात एक गोष्ट मात्र हाती लागली. इंग्लंडात घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये सायकली ठेवणं नेहमीचं, आणि तिथून त्या चोरीला जाणंही नेहमीचं. तिथं १९९२ साली पोलिसांच्या पुढाकारानं 'सोल्ड सिक्युअर' नावाची योजना सुरू झाली. तिचे तपासनीस खरी हत्यारं घेऊन कुलूप फोडायला बसतात, आणि ते किती टिकतं त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण असा दर्जा देतात. तसलं कुलूप घाटंजीच्या बाजारात मिळणार नाही. पण घेण्याआधी स्वतःच फोडून पाहायचं, ही कल्पना डोक्यात बसली.

मध्येच पानठेल्याचं प्रकरण झालं. फाट्यावरचा एक बंद पानठेला विकायला निघाला होता, चौदा हजारांत. जाड पत्रा, खाली लोखंडी पाय, पुढे फळीचं दार. मी हुरळलो. बायको शिवणाची टेप घेऊन सोबत आली हे बरं झालं. ठेला बाहेरून सहा फूट, आतून पावणेसहा. ॲटलस सहा फूट दोन इंच. तिरपी घातली तर एक सायकल बसते, आणि मग दुसरी बसत नाही. मालक म्हणाला, "हँडल वाकडं करून ठेवा ना गुरुजी." आतून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा असा वास येत होता की बायकोनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "पोरगी शाळेत गेली का मास्तरीण तिचा खिसा तपासन."

पण त्या टेपमुळे हिशेब लागला. सगळ्यात लांब सायकल सहा फूट दोन इंच, म्हणून आतून सात फूट खोली हवी. हँडल दोन फुटांच्या आसपास रुंद. एकीचं तोंड आत, दुसरीचं बाहेर अशा उलटसुलट ठेवल्या तर हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि एका सायकलीला दीड फूट पुरतो. चार सायकली, हवेचा पंप आणि हात घालायला जागा धरून आठ फूट लांबी. दार तीन फुटांपेक्षा कमी नको, नाही तर रोज ब्रेकची दांडी चौकटीला घासणार.

पक्की खोली बांधायचा विचार एका संध्याकाळपुरताच टिकला. मिस्त्रीनं सव्वा लाख सांगितले.

राहिला वेल्डिंगवाला. आमच्या बाजारगावात रस्त्याला लागून त्याचं दुकान आहे, फाटकं, ट्रॉल्या, कूलरचे स्टँड करतो. मी माप सांगितलं, त्यानं खडूनं फरशीवरच आकृती काढली आणि साडेपंधरा हजार म्हणाला. अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, पंचवीस बाय तीन (पंचवीस मिलिमीटर रुंद, तीन जाड), वर रंगीत प्रोफाइल पत्रा, पॉइंट पस्तीस मिलिमीटरचा. दुकानापुढे तसलंच एक शेड तयार उभं होतं, कोणाचा तरी मोटरपंप ठेवण्यासाठी. मी म्हटलं, "कुलूप लावा याले. आता तुमच्या पोऱ्याले सांगा, कुलपाले हात न लावता आत जा म्हणून."

तो हसला. पोऱ्या सोळा-सतरा वर्षांचा, त्याला मजा वाटली. त्यानं शेडभोवती एक चक्कर मारली, कुलपाकडे पाहिलंही नाही. मागच्या बाजूला बसला, खिशातून सॉकेट काढलं आणि पत्र्याचे स्क्रू उलटे फिरवायला लागला. सहा स्क्रू. सातवा अर्धा ढिला झाल्यावर पत्र्याचा कोपरा त्यानं दुमडला, पुस्तकाचं पान दुमडावं तसा, आणि आत जाऊन आतून थाप मारली. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं. आवाज म्हणाल तर सॉकेटची किरकिर तेवढी.

दुकानदार जरा गप्प झाला. मग म्हणाला, "गुरुजी, सगळेच असं घेतेत. लोक कुलूप पाह्यतेत फक्त."

मी तरी काय पाहत होतो? महिनाभर सात लिव्हर, पितळी की पोलादी, यातच अडकलो होतो. त्या दिवसानंतर दिसेल त्या टिनाच्या खोलीला मागून चक्कर मारायची सवय लागली. नट कुठल्या बाजूला आहेत? बिजागरीची पिन कुठे आहे? छपराचे जे-हुक, पत्रा आवळणारे आकडे, बाहेरून सुटतात का? गावात एकाचं गोडाऊन आहे, दाराला दोन कुलपं आणि वर सीसीटीव्ही, पण छपराचा प्रत्येक नट आभाळाकडे तोंड करून. मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तेव्हापासून कोणाला सांगत नाही.

मग त्या वेल्डिंगवाल्यासोबतच बसून नवं काम ठरवलं. तो माणूस हुशार होता, त्याला कोणी असं विचारलं नव्हतं इतकंच. सांगाडा पस्तीस बाय पाचच्या अँगलचा. हा मीटरला २.६ किलो भरतो, आधीचा १.१ किलो होता. भिंतींना बावीस नंबरचा साधा पत्रा, म्हणजे ०.८ मिलिमीटर. पत्र्याचा नंबर जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे मलाही उलटंच वाटत होतं. छपराला सव्वीस नंबर. हा बावीस नंबर आतून वेल्ड करून टाकू म्हटलं तर तो म्हणाला, इतक्या पत्र्याला आर्कनं भोक पडते. म्हणून बोल्ट. पण गोल, गुळगुळीत डोक्याचे, डोकं बाहेर, नट आत. बाहेरून पाना लावायला काही सापडतच नाही. त्यांना कॅरेज बोल्ट म्हणतात. डोक्याखाली चौकोनी मान असते, ती चौकोनी भोकात बसली की बोल्ट फिरत नाही. बाबांनी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हे तं आपल्या जुन्या बंडीच्या फळ्याइले होते."

अडचण अशी की ड्रिलनं भोक गोल पडतं आणि मान चौकोनी. प्रत्येक भोक कानशीनं चौकोनी करायचं. एकूण बहात्तर भोकं. तो पोऱ्या दोन दिवस मांडी घालून कानस घासत होता आणि मधूनमधून माझ्याकडे पाहत होता. त्याला दोनदा रसवंतीवर नेलं.

दाराच्या पल्ल्याच्या बिजागऱ्यांचा मुद्दा वेल्डिंगवाल्यानंच काढला. फाटकाला असते तशी बुशची बिजागरी, म्हणजे पिनवर नळी नुसती बसवलेली, लावली की खालून सब्बल घालून पल्ला उचलला तर पल्लाच निघून येतो, कुलूप जागच्या जागी. त्यानं तीन बिजागऱ्या बसवल्या आणि वरची उलटी लावली. आता पल्ला ना वर जातो ना खाली. कडी-कोयंडा बोल्टचा नाही, वेल्डचा. आणि कुलपावर लोखंडी पेटी, खालून उघडी. हात आत घालून चाचपडत किल्ली लावायची, कटर किंवा सब्बल कुलपापर्यंत पोचत नाही.

किलोमागे ११५ रुपये ठरले, मजुरीसकट. वजन भरलं २८० किलो. म्हणजे ३२,२००. बायको म्हणाली, "एवढ्यात सात मानव विकास आल्या असत्या." हिशेब बरोबर होता.

जमिनीचा प्रकार आमच्याकडे वेगळा. काळी कसदार जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. मे महिन्यात सांदवाडीतल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. अशा मातीत नुसते खांब रोवले तर पहिल्याच पावसाळ्यात सांगाडा तिरपा होतो आणि दाराची कडी कोयंड्यात बसेनाशी होते. मग माणूस कंटाळून दार नुसतं लोटून ठेवतो. म्हणून तीन फूट माती काढली, मुरूम टाकून थराथरानं पाणी मारलं आणि धुमसानं ठोकला, वर लोखंडी जाळी घालून चार इंच काँक्रीट. ओटा अंगणापासून फूटभर उंच. काँक्रीट ओलं असतानाच बारा एमएमच्या सळईचे यू-आकाराचे दोन कडे पाय फाकवून त्यात रोवले. कोणी आत शिरलंच तरी साखळी या कड्यातून गेलेली असते. घुशीनं पोखरू नये म्हणून ओट्याच्या कडेनं दगडाचा भर घातला. घूस तरीही आली, पण कोठ्याच्या बाजूला गेली.

जागेवरून घरात दोन दिवस वाद. कडुनिंबाखाली सावली आहे, पण ती जागा ओसरीतून दिसत नाही. ओसरीपुढची जागा दिसते, पण तिथं दुपारभर ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि बंद टिनात ट्यूबला लावलेले पंक्चरचे ठिगळ आपोआप सुटतात. मी सावलीच्या बाजूनं होतो. आई म्हणाली, "मी रातच्याले चारदा उठतो. मले दिसन अशा जागी ठेव." (आमच्याकडे बायकाही 'मी उठतो' म्हणतात.) झालं, ओसरीपुढेच. उन्हासाठी छपराखाली चारही बाजूंनी सहा इंच जागा मोकळी सोडली, तिला दहा एमएमच्या सळया उभ्या वेल्ड केल्या, बाहेरून पांढरा रंग दिला. दुपारी आत हात भाजत नाही इतपत बरं आहे.

सगळ्यात कडक तपासणी पोरीनं केली. ओट्याची फूटभर उंची पाहून ती म्हणाली, "बाबा, पाठीवर दप्तर, हातात डबा, आणि मी सायकल उचलून ठेवू? मग मी ओसरीतच ठेवीन." तिचं बरोबर होतं. मी बहात्तर बोल्टांचा विचार केला आणि रोज दोनदा दार उघडणाऱ्या माणसाचा केला नव्हता. मग उतार घातला, चार फूट लांबीचा, वर झाडूनं रेघा ओढलेला. दाराच्या चौकटीचा खालचा अँगलही ओट्यात बुडवून घेतला, चाक अडखळू नये म्हणून. किल्ल्या तीन: एक तिच्या दप्तराला, एक माझ्याकडे, एक आईच्या कनवटीला. तिची नवी सायकल मी घेतली, तिचा नंबर दुकानातच वहीत उतरवला.

ओटा, रंग, कुलूप, साखळी धरून एकूण त्रेचाळीस हजारांच्या वर गेलं. त्या तयार शेडपेक्षा पाच हजार जास्त. एका कायदा जाणणाऱ्या मित्रानं आणखी एक फायदा सांगितला. माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी संहितेच्या ३०५ कलमात येते, तिथं शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे शेडमुळे आमची सायकल कायद्याच्या नजरेतही थोडी वर चढली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वावधान सुटलं. शेजाऱ्याच्या छपरीची तीन टिनं उडून धुऱ्यावरच्या बाभळीत अडकली. आमचं शेड रात्रभर नुसतं वाजलं. सकाळी पाहिलं तर आत दोन ठिकाणी पाणी टिपकत होतं. छपराचे बोल्ट पोऱ्यानं नाळीदार पत्र्याच्या खोलगट भागात मारले होते, उंचवट्यावर मारायला हवे होते. वॉशरखाली डांबर भरून तेवढं भागवलं. दुसरा प्रसाद मला जूनमध्ये मिळाला. कुलपावरची ती खालून उघडी पेटी गांधीलमाशांना फार आवडली. अंधारात चाचपडत किल्ली लावायला हात घातला आणि दोन बोटं केळ्याएवढी सुजली. तेव्हापासून पेटीला आधी बाहेरून टिचकी मारायची, थांबायचं, मग हात.

वेल्डिंगवाला अजून एक फेरी मारायचा आहे. मागच्या भिंतीला, खतकुड्याच्या बाजूला, एक बोल्ट उलटा बसलाय, नट बाहेर. रंग देताना माझ्या लक्षात आलं. फोनवर तो म्हणाला, "एकानं काय होते गुरुजी, बहात्तरातून." मी त्या नटावर एम-सील थापून ठेवलंय आणि दर रविवारी नख लावून पाहतो. ॲटलस आत ठेवायला बाबा तयार नाहीत. ती ओसरीतच असते, कुलपाशिवाय, हँडलला त्यांची पिशवी अडकवलेली.